आवाज वाढवला की बंद पडणारा साइट रेडिओ : एका सेटचं प्रकरण

सेट आहे बांधकामाच्या जागी वापरायचा : चारही कोपऱ्यांना जाड रबर, वर उचलायचा दांडा, मागे ड्रिल मशीनची १८ व्होल्टची लिथियम बॅटरी बसवायचा कप्पा. बॅटरी नसेल तर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतो. घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यासाठी दोन पेन्सिल सेल वेगळे. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेला हा सेट न्यू जर्सीच्या नातेवाइकांच्या सामानातून आला आणि पुण्याजवळच्या एका बारा मजली इमारतीच्या प्लास्टर-टाइल्सच्या कामावर दहा महिने चालला. त्यात एक अख्खा पावसाळा आला.

बॅटरीची सोय हाताशी होती, कारण साइटवरचं ड्रिल त्याच कंपनीचं आहे. अमेरिकेत त्या बॅटरीवर २० व्होल्ट मॅक्स असं छापतात, इकडे १८ व्होल्ट. वस्तू एकच. पाच सेल ओळीत, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ गुणिले ५ म्हणजे २१ व्होल्ट आणि सरासरी ३.६ गुणिले ५ म्हणजे १८. हा फरक माहीत नसल्यामुळे 'व्होल्टेज जास्त गेल्यामुळे रेडिओ उडाला' असं निदान साइटवर आधीच झालेलं होतं. ते चूक होतं.

तक्रारी आल्या त्या अशा. बॅटरी फुल दाखवते, पण आवाज वाढवला की बंद पडतो. लाइटवर लावला की गुणगुणतो. १०१ वरची विविध भारती आधी लागायची, आता फाटल्यासारखी येते, बाकीची स्टेशनं मात्र ठीक. बॅटरी काढून परत लावली की घड्याळ बारावर. शिवाय एक मागणी : उघडताच आहात तर ब्लूटूथही टाका.

इतक्या तक्रारी एकदम ऐकल्या की 'बोर्ड गेला' म्हणायचा मोह होतो. अशा सेटचा बोर्ड इकडे सुटा मिळत नाही, म्हणून तसं म्हणणं म्हणजे सेट भंगारात घालणं. इथे बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं. बोर्डापर्यंत जाणाऱ्या वाटा खराब झाल्या होत्या.

बॅटरीवर बंद पडणं

सेट उघडण्याआधी दोन अदलाबदली केल्या. तीच बॅटरी ड्रिलला लावून काँक्रीटमध्ये १० मिलिमीटरचं भोक पाडलं. मशीन कुठे अडखळलं नाही, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मग दुसरी पूर्ण भरलेली बॅटरी रेडिओला लावली, तर तोच प्रकार. दोष रेडिओच्या बाजूला आहे हे पाच मिनिटांत ठरलं.

मग मागचं झाकण काढलं. अशा सेटचे स्क्रू खोल भोकांत असतात, म्हणून लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. एक-दोन स्क्रू हमखास खालच्या रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण ओढायच्या आधी सगळे स्क्रू मोजा आणि फोटो काढून ठेवा. आत स्पीकरच्या वायरी आखूड असतात, झटका दिला की टोकं तुटतात. आतली धूळ मऊ ब्रशने काढायची. साइटवरच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नये. तिच्यात पाणी आणि तेल असतं, आणि जवळून मारलेल्या झोताने स्पीकरचा कागद फाटतो.

मल्टिमीटर लावला तो बॅटरी जिथे टेकते त्या धातूच्या पात्यांच्या मागे, जिथे वायरी सोल्डर केलेल्या आहेत तिथे. म्हणजे बॅटरीतून निघून पात्यांतून पार झालेलं, सेटला खरोखर मिळणारं व्होल्टेज दिसतं. गाणं चालू असताना मीटरचा आकडा स्थिर राहत नाही, म्हणून फोनवरून ६० हर्ट्झचा एकसुरी टोन ऑक्समधून, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या सॉकेटमधून, दिला. असा टोन मोठ्या आवाजात काही सेकंदच द्यायचा, नाहीतर स्पीकरचं कॉइल तापतं.

बॅटरी सुटी मोजली तेव्हा २०.१ व्होल्ट. सेटमध्ये बसवून आवाज शून्यावर असताना आत १९.५. आवाजाचा आकडा १८ वर नेल्यावर १५.३ व्होल्ट. वीसवर नेल्यावर दोन सेकंद १४.१ आणि सेट बंद. बंद होताच आकडा उडी मारून परत २० वर. स्क्रीनवर बॅटरी 'फुल' दिसण्याचं कोडं इथेच सुटतं : भार गेला की व्होल्टेज परत वर येतं, आणि स्क्रीन तेच दाखवते.

मग बॅटरी काढून त्याच सोल्डरच्या जागी टेबलावरचा पॉवर सप्लाय जोडला. २० व्होल्ट, करंटची मर्यादा ३ ॲम्पिअर. सेट पूर्ण आवाजात न कुरकुरता वाजला. सप्लायवर दिसणारा करंट : आवाज शून्यावर ०.१५ ॲम्पिअर, अठरावर १.२, विसावर १.५. व्होल्टेज हळूहळू उतरवत नेलं तर सेट १४.५ च्या आसपास स्वतःहून बंद होतो. हा दोष नाही. सेलमागे साधारण २.९ व्होल्ट उरले की बॅटरी वाचवण्यासाठी सेट सुटतो.

आता गळालेल्या व्होल्टेजला करंटने भागून वाटेत किती ओहमचा अडथळा आहे ते पाहा. शून्य आवाजाला ०.६ व्होल्ट गळाले, करंट ०.१५, म्हणजे ४ ओहम. अठराला ४.८ व्होल्ट गळाले, करंट १.२, पुन्हा ४ ओहम. विसाला ६ व्होल्ट, दीड ॲम्पिअर, परत ४. तिन्ही वेळा एकच आकडा येतो तेव्हा वाटेत साधा अडथळा बसलेला असतो, दुसरं काही नाही. ड्रिलला वीस-पंचवीस ॲम्पिअर देणारी बॅटरी दीड ॲम्पिअरला स्वतः जेमतेम पाव व्होल्ट खाली येते, म्हणून तिचा वाटा इथे सोडून दिला तरी चालतं.

अडथळा होता पात्यांवरच्या करड्या पापुद्र्याचा. सिमेंटची धूळ पावसाळी हवेत ओली झाली की घट्ट चिकटते, वाळली की दगडासारखी बसते आणि वीज अडवते. तीच बॅटरी ड्रिलमध्ये मग कशी चालली? ड्रिलची बॅटरी दिवसातून चार वेळा निघते आणि लागते. प्रत्येक वेळी पाती घासून स्वच्छ होतात. रेडिओत मात्र ती आठ-आठ दिवस बसून राहते, आणि घासण्याऐवजी तिथे थर साचतो.

पाती पॉलिश पेपरने घासू नयेत. वरचा निकेलचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात खालचा धातू हिरवा पडतो. कापसाच्या काडीवर साधं व्हिनेगर घेऊन पापुद्रा भिजवला, दोन मिनिटांनी पुसला, राहिलेलं खोडरबरने, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून वाळवलं. व्हिनेगर बोर्डावर जाऊ द्यायचं नाही. बॅटरीच्या खाचांत धातूचा ब्रश कधीच घालू नये, दोन टोकं जोडली गेली तर ठिणगी नाही, वितळलेला धातू बघायला मिळतो. तिथे कोरडा जुना टूथब्रश पुरतो.

नंतर विसाच्या आवाजाला आत १९.९ व्होल्ट. मुख्य तक्रार इथे संपली, आणि खर्च कापसाच्या काड्यांचा.

घड्याळ, आणि त्यामुळे गेलेली विविध भारती

पेन्सिल सेलचा कप्पा उघडला तर आतली स्प्रिंग अर्धी खाल्लेली. सेल दहा महिने तसेच होते, साधे झिंक-कार्बनचे, आणि फुटले होते. बोर्डापर्यंत त्यांचं व्होल्टेज शून्य. सेटला मुख्य बॅटरी लावलेली असेपर्यंत हे कळत नाही. ड्रिलसाठी बॅटरी काढली की घड्याळ आणि स्टेशनं दोन्ही जातात.

सेल फुटला की सगळे लिंबू चोळतात. लिंबू किंवा व्हिनेगर हे अल्कलाइन सेलसाठी, कारण त्यातून येणारं रसायन अल्कधर्मी असतं. झिंक-कार्बन सेलमधून येणारं झिंक क्लोराइड उलट आम्लधर्मी. त्यावर लिंबू म्हणजे आम्लावर आम्ल. तिथे खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावायचा, मग अल्कोहोलने पुसायचं. सेलवर अल्कलाइन असं छापलेलं नसेल तर तो झिंक-कार्बनचा समजून चालावं. स्प्रिंग जुन्या रिमोटमधली बसवली. स्टीलच्या स्प्रिंगवर सोल्डर धरत नाही. टोक कानशीने चमकेपर्यंत घासून फ्लक्स लावला की धरतं. नवे सेल अल्कलाइन घातले, आणि कप्प्याच्या आतल्या बाजूला तारीख लिहिली. दरवर्षी मृगाच्या आधी बदलले की पुरे.

आता १०१. या सेटमध्ये देशानुसार स्टेशन शोधण्याचा टप्पा बदलता येतो, आणि ती निवडही घड्याळाच्याच स्मृतीत राहते. स्मृती गेली की सेट मूळ अमेरिकी मांडणीवर परततो. त्या मांडणीत एफएम २०० किलोहर्ट्झच्या टप्प्याने सरकतं आणि दशांशात फक्त विषम अंक येतात : १००.७, १००.९, १०१.१. पुण्याची विविध भारती बरोबर १०१.० वर आहे, म्हणजे दोन टप्प्यांच्या मध्ये. सेट १००.९ किंवा १०१.१ वर थांबतो, स्टेशन बाजूने पकडतो, आणि 'स', 'श' फाटतात. ९१.१, ९३.५, ९८.३ वरची खासगी केंद्रं मात्र छान लागतात, कारण त्यांचे दशांश विषम आहेत. म्हणून 'सगळं लागतं, फक्त विविध भारती जाते' अशी चमत्कारिक तक्रार, आणि म्हणूनच ॲन्टेनावर विनाकारण संशय. साइटवर कुणीतरी ॲन्टेनाला तांब्याची तार गुंडाळून ठेवली होती, तिचा उपयोग शून्य.

एएमचंही तेच. अमेरिकेत १० किलोहर्ट्झचा टप्पा, आपल्याकडे ९ चा. पुण्याचं आकाशवाणी केंद्र ७९२ वर; अमेरिकी मांडणीत ७९० नाहीतर ८०० मिळतं. मुंबईचं १०४४, तिथे १०४० येतं. सेट कोणत्या मांडणीत आहे हे ओळखायची सोपी खूण : एएमवर सर्वांत खालचा आकडा ५२० किंवा ५३० दिसला तर टप्पा १० चा, ५२२ किंवा ५३१ दिसला तर ९ चा. आपल्याकडची एएम केंद्रं नऊच्या पाढ्यात बसतात. ७९२ म्हणजे नऊ अठ्ठ्याऐंशी.

मांडणी बदलायची कृती प्रत्येक मॉडेलची वेगळी. बहुतेकांत सेट बंद ठेवून एक-दोन बटणं काही सेकंद दाबून ठेवायची असतात, आणि ती कोणती हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं. अंदाजाने बटणं दाबत बसू नये. काही सेटमध्ये त्याच वाटेने कारखान्याची चाचणी सुरू होते. या सेटला मांडणी बदलल्यावर आवाजही थोडा उघडला. अमेरिकेत एफएमचा वरचा सूर ७५ मायक्रोसेकंदाच्या हिशेबाने दाबतात, आपल्याकडे ५० च्या. अमेरिकी मांडणीत आपली केंद्रं किंचित बसक्या आवाजात येतात.

परदेशातून सेट आणणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. युरोपातल्या सेटवर डीएबी किंवा डीएबी प्लस (तिकडची डिजिटल रेडिओची पद्धत) लिहिलेलं असतं, त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. आपल्याकडे ते प्रक्षेपण नाही. आकाशवाणीने डिजिटलसाठी डीआरएम ही वेगळी पद्धत घेतली आहे. सॉफ्टवेअर अपडेट करूनही डीएबीचा सेट डीआरएम ऐकवणार नाही.

अडॅप्टरची गुणगुण

सोबत आलेलं मूळ अडॅप्टर पहिल्याच दिवशी गेलं होतं. त्यावर फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ छापलेलं, आणि ते हाताला जड होतं. जड म्हणजे आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर. २३० वर लावला की तापून त्याची वळणं जळतात. हलकं अडॅप्टर असेल आणि त्यावर १०० ते २४० छापलेलं असेल तरच आपल्या सॉकेटला लावायचं. चार्जर आतच बसवलेल्या काही अमेरिकी सेटमध्ये हे जास्त महागात पडतं. तिकडच्या विजेला आतल्या कपॅसिटरवर १७० व्होल्ट येतात, आपल्याकडे ३२५. २०० व्होल्टचा कपॅसिटर फुटतो.

जळालेल्याच्या जागी साइटवर इंटरनेटच्या राउटरचं १२ व्होल्ट, १ ॲम्पिअरचं अडॅप्टर लावलं होतं. बॅटरीवर गुणगुण नाही, अडॅप्टरवर आहे, म्हणजे संशयाला दुसरी जागाच नाही. सेट वाजत असताना मीटर एसी व्होल्टवर ठेवून अडॅप्टरच्या टोकांवर मोजलं तर ०.८ व्होल्ट. चांगल्या अडॅप्टरला इथे ०.१ च्या आत यायला हवं. फोडून पाहिलं तर आतला कपॅसिटर फुगलेला. शिवाय १ ॲम्पिअर या सेटला कमीच. ढोलाच्या ठोक्याला अडॅप्टर दम टाकतं.

पिनही सैल होती. या सेटच्या सॉकेटची मधली सळी २.१ मिलिमीटरची आणि अडॅप्टरच्या पिनचं भोक २.५ चं. बाहेरून दोन्ही ५.५ असल्यामुळे पिन बसते, पण आत डळमळते. याउलट २.१ ची पिन २.५ च्या सॉकेटला आत जातच नाही, म्हणून ती चूक लगेच कळते. नवं अडॅप्टर घेतलं ते १२ व्होल्ट, ३ ॲम्पिअर, बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक छापलेलं, २.१ च्या पिनचं. घेण्याआधी मधलं टोक धन की ऋण ही खूण सेटच्या मागच्या खुणेशी जुळवून पाहिली. ती उलटी असली तर आतला फ्यूज किंवा डायोड जातो. एएमवर थोडी खरखर राहिली, ती वायरीचे चार वेढे फेराइटच्या रिंगमधून घेतल्यावर कमी झाली.

ब्लूटूथ

याचं सरळ उत्तर ऑक्समध्ये लावायचा तयार ब्लूटूथ रिसीव्हर. स्वतःची बॅटरी असलेला, सेट न उघडता चालणारा. साइटवर मात्र अशा सुट्या वस्तू टिकत नाहीत, म्हणून आत बसवायचं ठरलं.

ब्लूटूथच्या मॉड्यूलला ५ व्होल्ट लागतात, सेटमध्ये २१ पर्यंत. त्यासाठी व्होल्टेज उतरवणारा एमपी-१५८४ चा छोटा बोर्ड घेतला; तो २८ व्होल्टपर्यंत घेतो. जोडण्याआधी तो सप्लायवर लावून स्क्रूने ५.० वर आणला, कारण दुकानातून येताना तो किती व्होल्टवर असेल याचा नेम नसतो. एलएम-२५९६ चा बोर्डही चालला असता, पण व्होल्टेज उतरवताना तो वीज सतत चालू-बंद करतो ती १५० किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या पटी, ६००, ७५०, ९००, १०५०, थेट एएमच्या पट्ट्यात पडतात. शेवटची मुंबईच्या १०४४ ला खेटते.

पहिल्या जोडणीत आवाज आला, सोबत बारीक शिटीही. फोनशी जोडणी होत असताना ती 'टिर्र टिर्र' करते. ब्लूटूथ बसवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही येते. कारण असं की मॉड्यूलचा वीजप्रवाह आणि गाण्याचा सिग्नल एकाच ऋण वायरीतून परततात, आणि त्या वायरीवरचे धक्के ॲम्प्लिफायर गाणं समजून मोठे करतो. कपॅसिटर वाढवून ही जात नाही. बी-०५०५-एस हा १ वॉटचा विलगीकरण करणारा तुकडा मध्ये टाकला. ५ व्होल्ट आत, ५ बाहेर, पण दोन्ही बाजूंचा ऋण वेगळा. शिटी गेली. मॉड्यूलच्या बाजूचा ऋण आता फक्त ऑक्सच्या शील्डमधून (वायरीभोवतीच्या जाळीतून) सेटला जोडलेला आहे, दुसरीकडून कुठूनही नाही.

दोन गोष्टी इथे विसरून चालत नाहीत. मॉड्यूलचा पुरवठा सेटच्या चालू-बंद बटणाच्या पुढून घ्यायचा. थेट बॅटरीवरून घेतला तर बंद सेटही ७-८ मिलिॲम्पिअर पीत राहतो. ४ ॲम्पिअर-तासाची बॅटरी तीन आठवड्यांत तळाला जाते आणि फार खाली गेलेली बॅटरी चार्जर घेत नाही. दुसरं, जिथून वायर काढली तिथे लगेच १ ॲम्पिअरचा फ्यूज. ड्रिलची बॅटरी शॉर्ट झाली तर पातळ वायर दिव्याच्या तारेसारखी लाल होते.

मॉड्यूल प्लास्टिकच्या भिंतीला चिकटवलं, ॲन्टेनाची नागमोडी रेघ स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर ठेवून. भिंती नसलेल्या मजल्यावर दहा मीटर जातं, एका वीटभिंतीपलीकडे पाच-सहा.

बंद करताना

झाकणाच्या रबरी पट्टीला सिलिकॉन ग्रीस पुसट लावलं. सीलंट भरायचं असेल तर डब्यावर न्यूट्रल लिहिलेलंच. साधं सिलिकॉन सुकताना आंबट वास येतो, ते ॲसिटिक आम्ल असतं, आणि बंद खोक्यात ते तांबं खातं. सगळे स्क्रू आधी अर्धे बसवून मग समोरासमोरचे घट्ट केले.

सेटवर आयपी ५४ लिहिलेलं आहे. पाच म्हणजे धूळ आत गेली तरी नुकसान करण्याइतकी नाही, चार म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी चालतं. पाण्याची धार नाही. तेही बॅटरीचं झाकण आणि सॉकेटचं रबरी झाकण दोन्ही बंद असतानाच. अडॅप्टर लावला की ते झाकण उघडं, म्हणजे टाइल्सच्या कटरजवळ सेट बॅटरीवरच चालवायचा. या सेटचं सॉकेटचं झाकण बिजागरीतून फाटलेलं होतं. सुटं मिळालं नाही, म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून स्क्रूखाली अडकवला आहे.

तळघरात एफएम अजूनही लागत नाही. तीन बाजूंना आरसीसीची भिंत, वर सळ्यांनी भरलेला स्लॅब. तिथे ७५ सेंटिमीटरची, म्हणजे एफएमच्या पाव तरंगाएवढी वायर ॲन्टेनाच्या टोकाला लावूनही फरक पडला नाही. तीच वायर रॅम्पच्या तोंडापर्यंत लांबवली तर स्टेशन येतं, पण डंपर गेला की तुटते. तळघरातल्या प्लास्टरवाल्यांनी ब्लूटूथ वापरायचं ठरलं आहे.